वाघमारेंचं दीड पान

कुठल्याही नव्या खोलीत शिरलं की वाघमारे आधी लपायच्या जागा मोजायचे. आपण पंखा कुठे आहे बघतो, बसायला खुर्ची बघतो. वाघमारे दारातच थांबून डावीकडून उजवीकडे एकदा मान फिरवायचे आणि आकडा सांगायचे. आमच्या वाचनालयाच्या कार्यालयात ते पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी तेच केलं.

"तीन," ते म्हणाले. "कपाटामागे, टेबलाखाली आणि त्या पडद्याआड. पण पडद्याआड पाय दिसणार."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. डोंबिवलीतल्या त्या लहानशा वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं संपादन मी नुकतंच अंगावर घेतलं होतं. आठवडाभर ठाण्याला खोपटजवळच्या ऑफिसात नोकरी आणि शनिवार-रविवार हा उद्योग. येणारे लेखक बहुतेक आधी आपल्या कवितेविषयी बोलायचे. लपायच्या जागा मोजणारा हा पहिलाच.

"सर, बसा ना," मी म्हटलं.

"सर नाही हो. वाघमारे. कल्याणच्या कॉलेजात लॅब असिस्टंट आहे मी. सर लोक फळ्याच्या बाजूला असतात, मी बेसिनच्या बाजूला." मग त्यांनी पिशवीतून कागद काढले. "गोष्ट आणलीय. विज्ञानकथा आहे. मी गेल्या रविवारी पण आलेलो, तेव्हा कुलूप होतं."

प्रॅक्टिकलच्या जर्नलचे उरलेले कागद होते ते, एका बाजूला रेघा आणि दुसऱ्या बाजूला कोरे. रेघांच्या बाजूला गोष्ट होती आणि कोऱ्या बाजूला, जिथे मुलं उपकरणाची आकृती काढतात, तिथे पेन्सिलीने काढलेले नकाशे. गोष्टीतलं पात्र कुठे लपलंय ते प्रत्येक नकाशात छोट्या फुलीने दाखवलेलं.

गोष्ट लपाछपीची होती. पुढच्या शतकातलं शहर. प्रत्येकाच्या मनगटात जन्मतःच एक चकती बसवलेली, त्यामुळे कोण कुठे आहे हे शहरातल्या मोठ्या यंत्राला सतत कळतं. साहजिकच मुलांना लपाछपी हा खेळच ठाऊक नाही. एक म्हातारी त्यांना तो शिकवते आणि राज्य यंत्रावर येतं. यंत्र बिचारं प्रामाणिकपणे डोळे मिटतं, शंभर आकडे मोजतं. तेवढ्या वेळात शहरातली सगळी माणसं, मोठी माणसंसुद्धा, घरं सोडून लपायला पळतात. वाचताना मी दोनदा मोठ्याने हसले आणि शेवटी गप्प झाले. यंत्र सगळ्यांना शोधून काढतं, पण शेवटच्या मुलाला शोधल्यावर ते नाव पुकारत नाही, त्याच्या शेजारी बसून राहतं.

ती गोष्ट आम्ही छापली. पुढच्या वर्षी ते दुसरी घेऊन आले. तीही लपाछपीची. ह्या वेळी शनीच्या कड्यांमध्ये दोन यानं लपाछपी खेळत होती. सापडल्याचा निरोप पृथ्वीवरच्या पंचामार्फत पोचायला तासाहून जास्त लागायचा, त्यामुळे पकडला गेलेला गडी तासभर आपण जिंकलो असंच समजत असायचा. तिसरी एका यंत्रमानवाची. मुलं त्याला मोजायला सांगतात, पण कितीपर्यंत ते सांगायला विसरतात. तो दोनशे कोटींपर्यंत मोजतो आणि मग शोधायला निघतो. तोवर मुलं म्हातारी झालेली असतात. कुणी नातवंडांत, कुणी दवाखान्यात. तो एकेकाला गाठून पाठीवर हळूच थाप देतो.

अशी सात वर्षं, सात गोष्टी. प्रत्येकीत कुणीतरी लपलेलं आणि सातवी सोडली तर प्रत्येकीत शेवटी ते सापडायचंच. सापडल्यावर सगळे मिळून जेवायचे. शनीजवळसुद्धा त्यांनी दोन्ही यानांतल्या माणसांना पिठलं-भाकरी खाऊ घातली होती.

मी एकदा चेष्टेने म्हटलं, "वाघमारे, एखादी न सापडणाऱ्याची लिहा की."

"मग ती विज्ञानकथा कशी होईल, बाई?" ते खरंच विचारात पडले. "जे आहे ते सापडतंच. वेळ लागतो एवढंच."

मला ते 'बाई' म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. वयाने मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान.

आमच्या वाचनालयातर्फे मानपाड्याच्या एका शाळेत मुलांसाठी कार्यक्रम ठेवला होता, तेव्हा मी त्यांना बोलावलं. मुलांना गोष्ट सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी एक बाटली नेली होती. बाटलीत रॉकेल आणि रॉकेलच्या तळाशी मातकट रंगाचा एक खडा. चिमट्याने त्यातला मोहरीएवढा कण त्यांनी बाहेर काढला आणि पाण्याच्या परातीत टाकला. तो कण पाण्यावर सूं सूं करत सैरावैरा धावला आणि भप्पकन पेटून संपला. मुलं ओरडली.

"हा सोडियम," वाघमारे म्हणाले. "ह्याला कायम रॉकेलमध्ये लपवून ठेवायला लागतं. हवा लागली की खराब होतो, पाणी लागलं की पेटतो. वर्गात असं एखादं पोरगं असतं बघा. तापट. त्याला चारचौघांत काढायचं नसतं. हळू काढायचं, चिमट्याने."

एक मुलगी म्हणाली, "आणि काढलं तर?"

"तर आत्ता पाहिलंस ना," ते म्हणाले, आणि बाटलीचं बूच बराच वेळ घट्ट करत राहिले.

त्यांच्या कोपरच्या घरी त्या काळात मी एकदाच गेले होते, अंकाच्या भेटप्रती द्यायला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दार उघडंच होतं. त्यांची आई खिडकीशी खुर्ची टाकून गल्लीकडे बघत बसलेली. मी आत येताच तिने वळून नीट निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. वहिनींनी चहा टाकला. मी मुद्दाम विचारलं, "वाघमारे, तुमच्या घरात लपायच्या जागा किती?"

"एकही नाही," ते म्हणाले. "मीच ठेवलेल्या नाहीत."

बघितलं तर खरंच. कपाटं भिंतीत चिणलेली, पलंगाखाली खालपर्यंत फळ्या मारलेल्या, दारांना पडदे नाहीत. मला गंमत वाटली. घरी येऊन मी नवऱ्यालाही ती सांगितली. लेखक लोक असे विक्षिप्तच असायचे, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

आता सातव्या गोष्टीबद्दल सांगायला हवं. इतका वेळ मी तेच टाळत होते.

गोष्टीचं नाव होतं 'राज्य'. दूरच्या एका स्थानकावर दोन तंत्रज्ञ असतात, एक थोरला, एक धाकटा. कंटाळा घालवायला ते लपाछपी खेळतात. धाकटा एका रिकाम्या मालवाहू यानात लपतो, यानाचं दार आपोआप बंद होतं आणि ते ठरल्या वेळी निघून जातं. कुठल्या दिशेने गेलं ते थोरल्याला कळत नाही. तो रोज माइकसमोर बसून वेगवेगळ्या लहरींवर हाका मारत राहतो. तीस वर्षं. माइकवर एक छोटा दिवा असतो, तो चालू असला की आवाज बाहेर जातोय असं समजायचं.

गोष्ट अप्रतिम उतरली होती. पण शेवटच्या दीड पानात थोरला माइकवरून एकदम भलतंच बोलू लागायचा. घर बदललंय, आता अमुक ठिकाणी राहतो. दुसरा मजला, जिन्यावरून वर आलं की डाव्या हाताचं दार. कोण वारलं, कुणाचं लग्न झालं, गल्लीतलं पिंपळाचं झाड पाडलं, आता खुणेला पिठाची गिरणी. अंतराळात पिठाची गिरणी! मी वाचलं आणि कपाळाला हात लावला.

त्यातच छपाईची घाई. शेवटच्या क्षणी एक जाहिरात आली आणि नेमकं दीड पान जास्त होऊ लागलं. मी फार विचार केला असं म्हणणार नाही. ते दीड पान काढून टाकलं आणि त्या जागी स्वतःचं एक वाक्य घातलं. "त्याने हात पुढे केला आणि माइकवरचा दिवा मालवला." तिथे गोष्ट संपवली. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होते.

अंक निघाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बाई, शेवटचं पान छापायचं राहिलं का?"

"राहिलं नाही हो, काढलं. जागाच नव्हती. आणि रागावू नका, पण त्याची गरज पण नव्हती. आता बघा कशी टोकदार झालीय."

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मूळ कागद आहेत का?"

"प्रेसवर असतील. बघते हं."

बघते म्हटलं आणि विसरले.

त्या गोष्टीला ठाण्यातल्या एका संस्थेचा पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी भाषणात शेवटाचं तोंड भरून कौतुक केलं. दिवा मालवला तिथेच लेखकाने लेखणी थांबवली, हा संयम आपल्याकडे दुर्मीळ आहे वगैरे. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. वाघमारे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, शेजारी वहिनी. स्टेजवर त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं तर "आभारी आहे" एवढे दोनच बोलून खाली उतरले. बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

त्यांनी हातातलं स्मृतिचिन्ह माझ्यापुढे धरलं. "शेवट तुमचा आहे, बाई. हे तुमच्याकडेच ठेवा."

मला तो विनय वाटला. मी हसून "काहीतरीच काय" म्हटलं, पण ते हात मागे घेईनात. मी ते खरंच घरी आणलं. अजून शोकेसमध्ये आहे.

पुढच्या वर्षी गोष्ट आली नाही. मी फोन केला. "ह्या वर्षी नाही जमत. सुचत नाहीये." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच उत्तर. तिसऱ्या वर्षी मी फोनच केला नाही. नवी मुलं चांगलं लिहीत होती, मेलवर पाठवत होती, टाइप करायचा त्रास नव्हता. एक लेखक लिहायचा थांबला, असे कितीतरी थांबतात. आपण हात लावला म्हणून थांबला असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

वाघमारे गेल्याचं मला व्हॉट्सअॅपवरून कळलं, तेही एका दिवसाने. निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं झालेली. हृदयविकार. आठवड्याभराने मी कोपरला गेले. दार उघडंच होतं. खिडकीशी खुर्ची नव्हती. वहिनी जमिनीवर चटईवर बसल्या होत्या. बोलता बोलता मी म्हटलं, "शेवटी शेवटी त्यांनी लिहायचं सोडलं, वाईट वाटतं."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "ताई, तुम्हाला त्यांनी कधी सांगितलंच नाही ना?"

मग त्यांनी सांगितलं. वाघमारेंना एक धाकटा भाऊ होता, मिलिंद. कल्याणच्या चाळीत सगळे एकत्र राहायचे. वडील लवकर गेलेले, त्यामुळे घर वाघमारेंच्या पगारावर आणि शिस्तीवर चालायचं. मिलिंदला विज्ञानकथांचं वेड. दिवाळी अंक, जुनी मासिकं, मिळेल तिथून आणून वाचायचा आणि शेजारच्या पोरांना सांगायचा. डिप्लोमाला नापास झाला आणि दोन महिने ते घरी लपवून ठेवलं. वाघमारेंना कळलं तेव्हा त्यांनी चाळीच्या मधोमध, सगळ्यांदेखत, त्याच्या कानाखाली मारली आणि म्हणाले, "मला परत तोंड दाखवू नकोस."

"आणि त्याने नाही दाखवलं," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण रिकामं. पोलिसांत दिलं, पेपरात फोटो दिला, कुठे कुठे फिरले हे. सासूबाई तर दार लावू देत नसत दिवसा."

"आणि गोष्टी?"

"गोष्टींचा नाद त्याला होता, ताई, ह्यांना कुठला? ह्यांनी तो गेल्यावर वाचायला घेतलं. मग म्हणाले, तो कुठे पण असला तरी दिवाळी अंक बघितल्याशिवाय राहणार नाही. माझं नाव दिसलं तर वाचेल. म्हणून लिहायला लागले."

मी विचारलं नाही, तरी त्यांनी पुढचंही सांगितलं. सातव्या गोष्टीच्या वर्षी सासूबाई गेल्या. एरवी वाघमारे घरचं काही गोष्टीत आणत नसत. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी सगळं सरळ लिहिलं. पत्ता, गिरणीची खूण, आई गेल्याचं आणि झाल्या गोष्टीची माफी.

"मी म्हटलं त्यांना, दुसऱ्या अंकात द्या परत. म्हणाले, एकदाच लिहवलं ते माझ्याच्याने. आता नाही जमायचं." वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुमच्यावर रागावले नव्हते हो. तुम्ही काळजी नका करू."

त्या हाताखालून मला माझा हात काढून घ्यावासा वाटला.

मिलिंद आला तो गोष्ट वाचून नव्हे. जुन्या चाळीतल्या लोकांचा एक ग्रुप होता, त्यावर वाघमारे गेल्याचा मेसेज फिरत फिरत सुरतेला पोचला. तिथे तो कापडाच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम करत होता, बायको-मुलांसह. वाघमारेंच्या स्मृतीसाठी ठेवलेला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला. तो आला तेव्हा मी तिथे नव्हते. मला तो भेटला पुढच्या रविवारी, आमच्या वाचनालयात. पन्नाशी उलटलेला माणूस, भावासारखंच रुंद कपाळ, काखेत वहिनींनी दिलेले सात अंक.

"मॅडम, मी सगळ्या वाचल्या," तो म्हणाला. त्याच्या मराठीला गुजरातीचा हेल लागला होता. "सगळ्यांत तो सापडतो. ह्या एकीतच का नाही सापडत? दादा दिवा कसा काय बंद करेल?"

खोटं बोलायची संधी होती. वहिनींनी त्याला काही सांगितलं नव्हतं, हे उघड होतं.

"तो दिवा त्यांनी नाही मालवला," मी म्हटलं. "मी मालवला. शेवटचं दीड पान मी काढून टाकलं."

त्याने काखेतले अंक टेबलावर ठेवले. मग विचारलं, "कागद आहेत?"

प्रेसवर मी आधीच जाऊन आले होते. मानपाड्याला पूर्वी होती तिथे आता दुसरंच दुकान. मालकाला शोधून काढलं, तो म्हणाला, "मॅडम, जुने कागद आम्ही दरवर्षी रद्दीत घालतो."

"नाहीत," मी म्हटलं.

"काय होतं त्याच्यात? आठवतं तेवढं सांगा."

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. घाईत दोनदा वाचलेलं, ते पण कापायचं म्हणून वाचलेलं दीड पान. "पत्ता होता. गिरणीची खूण. तुमची आई गेल्याचं होतं. ‘आई शेवटपर्यंत तुझीच बाजू घ्यायची’ असं काहीसं वाक्य होतं. आणि शेवटी होतं, ‘राज्य माझ्यावर आहे, पण मी हरलो. बाहेर ये.’"

"अजून?"

"अजून कुठल्यातरी शर्टाबद्दल होतं. तो जपून ठेवलाय असं की काय. नीट नाही आठवत."

"निळा?"

"माहीत नाही."

"निळा असेल," तो म्हणाला, आणि अंकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडून पुन्हा बांधत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही छापलं असतं तरी मी वाचलं नसतं. मी गेल्यापासून मराठी पुस्तक हातात धरलं नाही. पहिली पाच वर्षं रागात गेली. मग लाज वाटायला लागली. मग लाजेचीच सवय झाली."

ह्याने मला हलकं वाटायला हवं होतं. कुणाचं येणं माझ्यामुळे राहिलं नव्हतं. पण मिलिंद उठून गेल्यावर मी त्या खोलीत एकटी बसले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे होते ते वाघमारे. आयुष्यात एकदाच त्यांना माफी मागता आली, ती त्यांनी विश्वासाने माझ्या हातात आणून दिली आणि मी ती लांबण म्हणून कापली. त्यानंतर चार वर्षं ते इथे जवळच, कोपरला होते. एक फोन करून मी विचारू शकले असते, वाघमारे, त्या दीड पानात तुम्हाला काय म्हणायचं होतं?

विचारायची एक संधी तर समोर चालत आली होती. ते जायच्या वर्ष-दीड वर्ष आधीची गोष्ट. दुपारी ऑफिसातून चहाला बाहेर पडले तर खोपटच्या एसटी आगारात वाघमारे उभे. पायाशी पुठ्ठ्याचं खोकं, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या परीक्षानळ्या. निवृत्त झाल्यापासून ते मोखाड्याकडच्या शाळांमधून प्रयोग दाखवत फिरायचे, हे मला तेव्हाच कळलं.

"तब्येत काय म्हणते?" मी विचारलं.

"बरी आहे. तुमचा अंक कसा चाललाय?"

"चाललाय."

तेवढ्यात गाडी लागली. मी खोकं धरलं, ते चढले, मी खालून वर दिलं. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर रिकामी पाटी घेऊन. गाडी सुटायला पाचेक मिनिटं होती. मी उगाच खाली उभी राहिले. काच बंद होती. वाघमारेंनी मला हात केला आणि मग त्या बाईने त्यांना काहीतरी विचारलं, बहुधा खोक्यात काय आहे ते. ते तिच्याकडे वळले. एक मूठ त्यांनी उंच धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट, शनीभोवती यान फिरावं तसं, त्या मुठीभोवती हळूहळू फिरवू लागले. बाई पाटी विसरून त्या बोटाकडे बघत होती. पुढच्या बाकावरचा एक माणूसही मागे वळला. वाघमारे रंगात येऊन बोलत होते, मध्येच थांबत होते, भुवया उंचावत होते. बाई एकदम तोंडाला पदर लावून हसली.

कंडक्टरने घंटी मारली. काचेपलीकडे त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काहीच आलं नाही. गाडी आगारातून बाहेर वळेपर्यंत त्यांचं बोलणं चालूच होतं.